बंदूक कुरिअरने येत नाही

अमेरिकेत संकेतस्थळावर बंदूक पसंत करून पैसे भरता येतात. पण परराज्यातल्या विक्रेत्याकडून घेतलेली ती बंदूक घरपोच येत नाही. ती गावातल्या परवानाधारक दुकानात येते आणि गिऱ्हाइकाची तपासणी झाल्यावर हाती पडते. दुकानदाराचा विक्रीतला नफा जातो आणि त्याच्या वाट्याला हस्तांतराचं शुल्क उरतं.

सोलापुरात ऑनलाइन भरायचा तो परवान्याचा अर्ज. शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, बार्शी-सांगोल्याकडे जिल्हाधिकारी. परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात होते आणि धारकाला स्वतःचा क्रमांक मिळतो. रिव्हॉल्व्हर हवं असेल तर कानपूरच्या सरकारी कारखान्याकडे थेट मागणी नोंदवता येते. त्या व्यवहारात गावातलं दुकान बाजूला पडतं. काडतुसांसाठी मात्र दुकानाची पायरी चढावीच लागते. दुकानदार परवाना उघडून मंजूर संख्या बघतो, आधी किती घेतली ते मोजतो, मग नवी खरेदी परवान्यावर आणि आपल्या नोंदवहीत लिहितो.

जुन्या बंदुकीचा व्यवहार याहून सावकाश चालतो. खासगी आयात 1980च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती बंदुका आजही हातोहात फिरतात. शस्त्र अधिनियम, 1959च्या कलम 5 नुसार स्वतःची बंदूक विकायची तर आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि किमान 45 दिवस थांबायचं. घेणाऱ्याकडेही त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना लागतोच. नळीवर आणि यंत्रणेवर कोरलेला क्रमांक कागदाशी जुळला पाहिजे. एक आकडा चुकला तरी व्यवहार अडतो, आणि तो अडायलाच हवा.

धारक वारला तर घरच्यांना बंदूक कपाटात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. 2019च्या दुरुस्तीने एका धारकाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, तेव्हाही जास्तीचं शस्त्र जमा करायला हेच दोन दरवाजे होते. विक्री मंदावली तरी अशा दुकानांची गरज संपत नाही ती यासाठी.

खरा फटका बसतो तो एअरगनच्या विक्रीत. 20 ज्यूलपर्यंतच्या शक्तीची, 0.177 बोअरची एअरगन परवान्याविना मिळते, म्हणून ती आणि तिचे छरे ऑनलाइन सर्रास विकले जातात. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवल्यावर कितीतरी मुलांना या खेळाची ओढ लागली असेल. नवशिक्याला बंदूक कशी धरायची, नळी कुठे रोखायची नाही, हे समोर उभं राहून सांगणारा माणूस खोक्यात येत नाही. पहिली एअरगन तरी दुकानातून किंवा नेमबाजी क्लबच्या सल्ल्याने घ्या.

आणि समाजमाध्यमावर कुणी विनापरवाना पिस्तूल देऊ केलं तर पैसे पाठवू नका, पोलिसांना कळवा. विनापरवाना बंदूक नुसती जवळ बाळगली तरी किमान 2 आणि कमाल 5 वर्षं कैद आहे.