आधी माल, मग रूळ

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण–मुरबाड मार्ग मंजूर झाल्याची बातमी लोकांनी वाचली, मोजणी करणारी माणसंही पाहिली. पण मुरबाडकर आजही कल्याण गाठायला एसटीच धरतो. शेजारच्या शहापूर तालुक्याचं नशीब निराळं. वासिंदला गाडी १८५५ साली आली, आसनगावला १८६० साली आणि कसाऱ्याला १ जानेवारी १८६१ रोजी. मात्र ही मुंबईहून घाटावर जायच्या घाईत असलेली मोठी लाइन. तिने शहापूर गावही बाजूलाच ठेवलं, मग मुरबाडची काय कथा! आसनगावहून फुटून, सापगावजवळ भातसा आणि पुढे काळू ओलांडून मुरबाडच्या बाजारात शिरणारा मालगाडीचा फाटा कुणी बांधला नाही. घरातल्या फळीवर तो बांधता येतो. तो आखायचा कसा, हे या लेखात सांगायचं आहे.

मॉडेल रेल्वे म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पुण्याचं जोशी रेल्वे म्युझियम येतं. कोथरूडला कर्वे रस्त्यालगत १९९८ साली लोकांसाठी खुलं झालेलं. तिथे अख्खं शहर आहे, सिग्नल आहेत, एकाच वेळी कितीतरी गाड्या पळतात आणि पोरांसकट आजोबाही काचेला नाक लावून उभे राहतात. ते बघून घरी आलेला माणूस पहिली चूक करतो ती म्हणजे गोल रूळ विकत आणतो. गाडी गरगर फिरते, दहा मिनिटं मजा वाटते, आणि पंधरवड्यात खोका माळ्यावर जातो. जागा किंवा पैसा कमी पडला म्हणून नव्हे. गाडीला काही काम नसतं, म्हणून.

खेड्यातल्या मालगाडीला काम असतं. म्हणून आखणीची सुरुवात रुळांपासून करू नये, मालापासून करावी: कोण काय पाठवतो, कोण काय मागवतो, कुठल्या महिन्यात. खऱ्या छोट्या रेल्वे याच हिशेबाने उभ्या राहिल्या. आपल्याकडचं चोख उदाहरण बार्शी लाइट रेल्वेचं. मोठी लाइन बार्शीच्या पेठेला वगळून गेली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी रोड स्टेशनपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले आणि १८९७ साली गाडी सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. कॅलथ्रॉपने हट्टाने दोन गोष्टी पाळल्या. एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे रूळ हलके चालतात. आणि मालाच्या सगळ्या वाघिणी एकाच २५ फुटी सांगाड्यावर बांधायच्या. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट तयार केलं. हलकेपणाचा ध्यासच म्हणायचा.) आसनगाव आणि मुरबाड यांचं नातं कुर्डुवाडी आणि बार्शीसारखंच आहे. तेव्हा आपला फाटा कॅलथ्रॉपच्या मापाने आखायला हरकत नाही.

या निवडीत एक गणिती फायदाही दडलेला आहे. बाजारात सर्वांत सहज मिळणारं माप एचओ, म्हणजे १:८७. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात, कारण ते युरोपच्या १४३५ मिलिमीटर रुळांवर बेतलेले आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ ने तो १९ मिलिमीटरहून जास्त भरतो. म्हणून एचओ रुळांवर उभं केलेलं भारतीय इंजिन जाणत्याला पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. आता अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा रूळ घ्या. ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर. आणि एन मापाचे तयार रूळ असतात ९ मिलिमीटरचे! फरक नखाएवढाही नाही. एन मापाच्या इंजिनाची मोटार आणि चाकं घ्यायची, त्यावर १:८७ चं पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं धड चढवायचं. कॅलथ्रॉपची वाघीण या मापात जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटरची होते. बार्शीच्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाकं होती, भार वाटला जावा म्हणून. फळीवर तीच चाकं वेगळ्या कारणाने उपयोगी पडतात: रुळांतून वीज घेणारी चाकं जितकी जास्त, तितकं इंजिन सांध्यावर कमी अडखळतं.

अंतर मात्र खरं ठेवता येत नाही. १:८७ मध्ये एक किलोमीटर साडेअकरा मीटरचा होतो. आसनगाव ते मुरबाड पूर्ण काढायचं तर शाळेचं मैदानही पुरणार नाही. म्हणून दाखवायचं ते फक्त मुरबाड. शहापूर, सापगावचा पूल, आसनगावचं यार्ड हे सगळं नाटकातल्या विंगेसारखं फळीच्या डाव्या टोकाला, पुठ्ठ्याच्या आडोशामागे. तिथून गाडी येते आणि तिथेच जाते.

आता माल. काळ १९३० च्या आसपासचा धरू. मोठ्या लाइनीवर इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा आल्या आहेत आणि आपलं वाफेचं इंजिन आसनगावला त्या तारांखाली धूर सोडत उभं राहतं. या मुलखातून माल जाणं काही नवं नाही. सातवाहनांच्या काळी नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणारे तांडे याच बाजूने जात. घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण अजून तिथेच आहे. मुरबाडहून बाहेर जाणार भात, सागाची आणि ऐनाची लाकडं, भट्टीचा कोळसा, आणि मुंबईच्या तबेल्यांसाठी गवताच्या गासड्या. आत येणार मीठ, रॉकेलचे डबे, कापड, गूळ. शहापूर तालुका मुंबईला सर्वांत जास्त काय देतो याचं उत्तर खरं तर पाणी आहे. तानसा धरण १८९२ चं. पण पाणी नळातून जातं, वाघिणीतून नाही. धरणं उशाशी असून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या पाड्यांचं दुःख या फळीवर कुठे मांडावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

आठ वाघिणी पुरतात. दोन बंद, भाताच्या. दोन उघड्या, गवताच्या, वर ताडपत्री. एक लाकडाची, एक कोळशाची, एक मिठाची आणि एक रॉकेल-कापडाची. आठच का, तर ॲलन राइट या इंग्रज मॉडेलकाराने एक कोडं करून ठेवलं आहे. नॉर्थंबरलँडच्या एका खेडवळ फाट्यावरच्या किल्हॅम सायडिंगवरून त्याला ते सुचलं. मॉडेलवाले त्याला इंगलनूक म्हणतात. तीन साइडिंग: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. पुढे इंजिन आणि तीन वाघिणींपुरताच मोकळा रूळ. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लांब साइडिंगमध्ये उभी करायची. क्रम किती प्रकारचे? ६७२०. एवढं सगळं बारीक वाघिणींसह चार फूट लांब, एक फूट रुंद फळीवर बसतं.

कागदावर हे पोरखेळ वाटतं. करून बघा. चिठ्ठ्यांत मिठाची वाघीण पहिली आली आहे आणि ती लांब साइडिंगच्या अगदी आत, बफरला टेकून आहे. तिच्यापुढे चार. मोकळा रूळ तिघींचाच. तिघींना ओढून बाहेर काढलं, सांधा बदलला, रिकाम्या साइडिंगमध्ये ढकललं. परत जाऊन उरलेल्या दोघींना बाहेर आणलं. मीठ हाताशी आलं खरं, पण आता दोन्ही आखूड साइडिंग भरलेली, मोकळं फक्त लांब. मिठाला तिथेच परत सोडावं तर तिच्या इंजिनाकडच्या अंगाला कोळसा जोडलेला, तो आधी कुठेतरी उतरवायला हवा. मग एका साइडिंगमधून एक बाहेर, दुसरीत एक आत. हात कपाळाला जातो आणि चहा गार होतो.

यात मी एक स्थानिक नियम घालतो: गवताची वाघीण इंजिनाला लागून जोडायची नाही. वाफेच्या इंजिनाची ठिणगी आणि वाळलेलं गवत यांची गाठ कशाला घालायची? एवढ्या एका नियमाने ६७२० चे ५०४० क्रम उरतात, आणि कोडं सोपं व्हायच्या ऐवजी अवघड होतं.

देखाव्याचं काम शेवटचं, पण ऋतू आधी ठरवावा. बहुतेक जण कोकण म्हटलं की हिरवा रंग ओततात. आमची मालगाडी पावसाळ्यात जवळजवळ रिकामीच असणार. भात खळ्यावर येतं आणि गवत कापलं जातं ते दिवाळीच्या आगेमागे. म्हणून फळीचा रंग पिवळा, तपकिरी, अधूनमधून सागाची रुंद पानं. महागडं परदेशी गवत नको. तागाची सुतळी बारीक कातरून चहाच्या पाण्यात रंगवली की शेताची धसकटं होतात. खडीसाठी बारीक चाळलेली काळी कच. मालधक्क्याला पत्र्याची शेड, स्टेशनमास्तरच्या खोलीवर मंगलोरी कौलं. मागच्या पडद्यावर सिद्धगड, गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचा सुळका रंगवायचा. खऱ्या मापात सिद्धगड उभा करायचा म्हटला तर अकरा मीटर उंच लागेल.

बघायला आलेला प्रत्येक जण विचारतो, प्रवासी गाडी कुठे? त्याच्यासाठी पौष पौर्णिमा ठेवली आहे. मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला गुरांचा मोठा बाजार भरतो, घोंगड्या विकल्या जातात. त्या दिवशी भाताच्या एका वाघिणीला सुट्टी द्यायची, तिच्या जागी बाकडी टाकलेला एक डबा जोडायचा आणि चिठ्ठी काहीही सांगो, तो गार्डाजवळ शेवटी ठेवायचा. गवताचा नियम त्या दिवशीही लागू.