श्वानवर्ष आणि श्वानयोनी

चेन्नईच्या मैलापूर भागात कपालीश्वराचे प्रसिद्ध मंदिर आहे. त्याच्या भोवतालच्या रस्त्यांवर पूजासाहित्याबरोबर पंचांगेही विकत मिळतात. विवाह ठरवू पाहणारे कुटुंब वधूवरांच्या जन्मपत्रिका घेऊन ज्योतिष्याकडे जाते, तेव्हा तो दहा ‘पोरुत्तम’ म्हणजे दहा प्रकारचे मेळ तपासतो. त्यांपैकी एक योनीचा मेळ होय. या मेळात प्रत्येक व्यक्तीला तिच्या जन्मनक्षत्रावरून एक प्राणी दिलेला असतो. आर्द्रा, ज्याला तमिळमध्ये तिरुवादिरै म्हणतात, आणि मूळ या दोन नक्षत्रांचा प्राणी कुत्रा आहे.

याच शहरात जपानचा वाणिज्य दूतावास आहे, आणि आसपासच्या मोटारनिर्मितीच्या कारखान्यांमुळे काही जपानी कुटुंबेही येथे राहतात. एखाद्या जपानी गृहस्थाला त्याचा प्राणी कोणता असे विचारले, तर तोही कदाचित ‘कुत्रा’ असेच उत्तर देईल. शब्द एकच असला, तरी दोघांच्या मनातील कुत्रा मात्र निराळा असतो. हा फरक कोणता आणि त्याचा माणसांच्या जीवनावर काय परिणाम होतो, हे येथे पाहावयाचे आहे.

जपानी राशिचक्रात बारा प्राणी आहेत: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि रानडुक्कर. आपल्या मेष-वृषभादी राशींप्रमाणे ते महिन्यांशी जोडलेले नसून वर्षांशी जोडलेले आहेत. ही गणना मूळची चीनमधील. ‘निहोन शोकी’ या प्राचीन इतिहासग्रंथाप्रमाणे कोरियातून आलेल्या एका बौद्ध भिक्षूने इ. स. ६०२ मध्ये पंचांगविद्येचे ग्रंथ जपानी दरबारात आणले. बारा ही संख्या गुरू ग्रहावरून आली आहे. गुरूला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे ११.८६ वर्षे लागतात. कुंभकोणमचा महामहम उत्सव आणि आपला कुंभमेळा यांच्या बारा वर्षांच्या अंतरामागेही हाच ग्रह आहे.

कुत्र्याचा क्रम अकरावा. इसवी सनाला बाराने भागून बाकी दोन उरली, तर ते श्वानवर्ष समजावे. १९७०, १९८२, १९९४, २००६ आणि २०१८ ही अशी वर्षे होत. पूर्वी चांद्र वर्षारंभी प्राणी बदलत असे. जपानने १८७३ साली पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारल्यापासून तो १ जानेवारीला बदलतो. बारा प्राण्यांना पंचमहाभूतांसारख्या पाच तत्त्वांची जोड मिळून साठ वर्षांचे मोठे चक्र तयार होते. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या जपानी माणसाला तांबडा अंगरखा व टोपी देऊन जो ‘कानरेकी’ समारंभ करतात, तो तमिळ कुटुंबांच्या षष्ट्यब्दपूर्तीची आठवण करून देतो. प्रभवादी साठ संवत्सरांचे चक्र तर तमिळ आणि मराठी पंचांगांत समानच आहे.

श्वानवर्षी जन्मलेला मनुष्य प्रामाणिक, एकनिष्ठ, न्यायप्रिय, परंतु हट्टी व स्पष्टवक्ता असतो, अशी जपानी समजूत आहे. वर्षांप्रमाणे दिवसही या प्राण्यांच्या नावांनी मोजतात, त्यामुळे दर बारा दिवसांनी ‘कुत्र्याचा दिवस’ येतो. कुत्रीची प्रसूती सुलभ असते, म्हणून गर्भवती स्त्री पाचव्या महिन्यात अशा दिवशी पोटाला कापडी पट्टा बांधते. तोक्योच्या सुइतेंगू देवस्थानात त्यासाठी आजही गर्दी होते.

एका श्वानवर्षाने मात्र राज्यकारभारावरही छाप पाडली. पाचवा तोकुगावा शोगुन त्सुनायोशी याचा जन्म १६४६ चा, म्हणजे श्वानवर्षातील. १६८० ते १७०९ या आपल्या राजवटीत त्याने प्राणिमात्रांवर दया करण्याचे अनेक हुकूम काढले. कुत्र्याला इजा करणाऱ्यास कठोर शिक्षा होऊ लागली, आणि १६९५ मध्ये एदोजवळ नाकानो येथे भटक्या कुत्र्यांसाठी विस्तीर्ण कोंडवाडे उभारण्यात आले. त्यांचा खर्च प्रजेकडून वसूल होई. लोक त्याला ‘कुत्र्यांचा शोगुन’ म्हणू लागले. पुत्रहीन शोगुनाला एका भिक्षूने त्याच्या जन्मवर्षाच्या प्राण्याचे रक्षण करण्यास सांगितले, अशी कथा प्रचलित आहे. इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत. टाकून दिलेली मुले आणि आजारी वाटसरू यांचे रक्षणही याच हुकुमांत होते, याकडे ते लक्ष वेधतात. त्याच्या मृत्यूनंतर यांतील बहुतेक हुकूम मागे घेण्यात आले.

आता चेन्नईच्या ज्योतिष्याकडे परत येऊ. त्याच्या कोष्टकात बारा नव्हे, तर चौदा प्राणी आहेत. अभिजित धरून नक्षत्रे अठ्ठावीस, म्हणून प्रत्येक प्राण्याच्या वाट्याला दोन येतात. चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस असतो. म्हणजे जपानात एका वर्षी जन्मलेली सर्व मुले एकाच प्राण्याची असतात, तर आपल्याकडे कुत्र्याचे दिवस दर महिन्यात साधारणपणे दोनच येतात.

मैत्री आणि वैर ठरविण्याची रीतही भिन्न आहे. जपानी पद्धतीत ते वर्तुळातील स्थानावरून ठरते. कुत्र्याच्या समोर सहाव्या स्थानी ड्रॅगन, म्हणून तो प्रतिकूल. चार-चार स्थानांच्या अंतरावर वाघ आणि घोडा, म्हणून ते मित्र. भारतीय पद्धतीत प्राण्यांचा स्वभाव पाहिला आहे. मांजर आणि उंदीर, साप आणि मुंगूस, तसेच कुत्रा आणि हरिण हे वैरी. अनुराधा व ज्येष्ठा ही हरिणाची नक्षत्रे असल्याने त्यांचा आर्द्रा-मूळ नक्षत्रांशी मेळ बसत नाही. परंतु महाराष्ट्रातील छत्तीस गुणांच्या पद्धतीत योनीला फक्त चार गुण आहेत. वैर निघाले तरी तेवढेच गुण जातात, आणि विवाहास अठरा गुण पुरेसे मानतात. तमिळ पद्धतीतही रज्जूच्या मेळाला योनीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते.

देवळातही कुत्र्याचे स्थान हीन नाही. तमिळ शिवमंदिरांत भैरवाच्या मूर्तीमागे त्याचे वाहन कुत्रा उभा असतो. आपल्याकडे खंडोबा आणि दत्तात्रेय यांच्या सान्निध्यातही कुत्रा आहे.

खरा जाच प्राण्यापेक्षा नक्षत्राचा होतो. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला घातक, ही समजूत तमिळनाडूत आहे आणि महाराष्ट्रातही आहे. तोच जन्म मुलाचा असला, तर तमिळ म्हण त्याला राज्ययोग सांगते. ज्योतिषग्रंथांत मुळाच्या चार चरणांची फले निरनिराळी दिली असून चौथा चरण शुभ मानला आहे. पण स्थळाला नकार देताना एवढा बारकावा सहसा पाहिला जात नाही.

जपानात असाच जाच श्वानवर्षाने नव्हे, तर ‘हिनोए-उमा’ म्हणजे अग्नितत्त्वाच्या अश्ववर्षाने केला. त्या वर्षीची मुलगी पतीच्या नाशाला कारण होते, असा समज होता. १९०६ साली जन्मलेल्या मुलींना विवाह जमण्यास त्रास झाला. पुढचे तसे वर्ष १९६६ चे. जपानात १९६५ मध्ये सुमारे १८ लाख २४ हजार बालके जन्मली होती. १९६६ मध्ये ही संख्या सुमारे १३ लाख ६१ हजारांवर आली आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाख ३६ हजारांपर्यंत चढली. देश उद्योगप्रधान झालेला होता, शिक्षण सार्वत्रिक होते. तरीही चारांपैकी एका अपत्याचा जन्म टळला किंवा पुढे ढकलला गेला. साठ वर्षांचा फेरा पूर्ण होऊन तेच वर्ष २०२६ मध्ये पुन्हा आले.

वर्षे आणि दिवस ध्यानात राहावेत, म्हणून माणसाने त्यांना प्राण्यांची नावे दिली. नाव हे मोजण्याचे साधन राहिले, तोवर त्याने कोणाचे नुकसान केले नाही. गर्भवतीच्या पोटावरील पट्टा तिला धीर देतो आणि साठीचा तांबडा अंगरखा घरात आनंद आणतो. परंतु त्याच नावावरून माणसाची पारख होऊ लागली, की त्याची किंमत बहुधा मुलींना मोजावी लागते. मूळ नक्षत्राची चेन्नईतील मुलगी आणि अश्ववर्षाची जपानी मुलगी यांनी परस्परांना कधी पाहिलेले नसते; दोघींनाही आपला जन्मदिवस निवडता आलेला नसतो. पत्रिका पुढे ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी कोष्टक उघडण्यापूर्वी एवढे लक्षात घेतले पाहिजे.