जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय: भंगारात काय मिळतं, आणि कोणत्या कामाला हात लावू नये

महाप्याच्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये किंवा आसपासच्या टीटीसी पट्ट्यातल्या ऑफिसांत कॉम्प्युटर बदलले, की जुने डबे भंगारात निघतात. महापे-शीळ रस्त्याने पुढे गेलं की मुंब्रा-कौसा फार लांब नाही, आणि आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल भंगाराच्या धंद्यावर पेटते. त्या मालात एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे पॉवर सप्लाय. दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. पत्र्याचा चौकोनी डबा, मागे पंखा आणि रंगीत वायरींचा झुबका. बहुतेक जण तो लोखंडाच्या भावात फेकतात. काही जण उलट यूट्यूब बघून त्यात सोनं शोधत बसतात. दोन्हीत नुकसानच आहे.

सोन्याचं आधी सांगून टाकतो. एसएमपीएसची पाटी साधी, बहुधा तपकिरी रंगाची, एका बाजूनेच छापलेली असते. सोन्याचा मुलामा असतो तो रॅमच्या पट्टीवर, मदरबोर्डच्या खाचांत, प्रोसेसरच्या पायांवर. या डब्यात तो जवळजवळ नसतोच. म्हणून या पाटीसाठी तेजाब आणणं म्हणजे पैसा आणि फुप्फुसं दोन्ही घालवणं.

मग डब्यात आहे काय? बाहेरचा पत्रा लोखंडी, आणि वजनाचा मोठा भाग तोच. आत दोन-तीन जाड पट्ट्या असतात, त्या अल्युमिनियमच्या. पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचा काळा गाभा फेराइटचा, त्याला भंगारात किंमत नाही. पण आत तांब्याची तार आहे. शेजारी बांगडीसारखी गोल कॉइल असते, तिच्यावरही तांबंच. पण खरा माल बाहेर लोंबणाऱ्या वायरींत आहे. तांब्याचा भाव लोखंडाच्या वीसेक पट असतो, त्यामुळे वायर सकट डबा लोखंडात तोलून देणं हा सरळ तोटा.

वायरीत तांबं किती, हे घरीच काढता येतं. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार एक मीटर लांब असेल, तर तिचं वजन साधारण ९ ग्रॅम भरतं. चांगल्या एसएमपीएसमध्ये १८ गेजची वायर असते, म्हणजे मीटरला ७ ग्रॅमच्या आसपास. स्वस्तातल्या डब्यात २२ गेज असते, ती मीटरला ३ ग्रॅमसुद्धा भरत नाही. आता लांबी मोजा. मदरबोर्डला जाणाऱ्या जुन्या २० पिनांच्या जुडग्यात ४० सेंटिमीटरच्या २० वायरी, म्हणजे ८ मीटर. बाकीच्या मिळून आणखी सहा-सात मीटर धरा. चांगल्या डब्यातून १०० ग्रॅमच्या आसपास तांबं निघेल, हलक्यातून ४०-४५ ग्रॅम. दिसायला डबे सारखेच. म्हणून घाऊक माल उचलताना डबा हातात घेऊन वजन बघा. जड डबा सहसा चांगला, खुळखुळणारा हलका सहसा फसवा. वायरीच्या अंगावर गेज छापलेला असतो, तोही वाचा.

आणखी एक फसवणूक असते. काही वायरींवर तांब्याचा फक्त थर असतो, आत अल्युमिनियम किंवा लोखंड. चुंबक चिकटलं तर लोखंड. ब्लेडने खरवडल्यावर पांढरं दिसलं, तर खूण पक्की नाही, कारण खऱ्या तांब्यावरही कधी कथलाचा पांढरा हात असतो. तार कापून तिचं टोक बघा. आत लाल असेल तर तांबं.

सोलायची की तशीच विकायची? याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या काट्यावर करावा. १०० ग्रॅम वायर तोला, सोला, पुन्हा तोला. आज दुकानदार सोललेल्या तांब्याला काय देतो आणि सालासकट वायरीला काय देतो, दोन्ही भाव विचारा. फरक एका माणसाच्या तासाच्या मजुरीपेक्षा कमी असेल, तर सोलत बसू नका. हाताने १५ मीटर बारीक वायर सोलणं सोपं काम नाही.

जाळायचा विचार मात्र मनातून काढा. वायरीचं साल पीव्हीसीचं असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा तिखट धूर निघतो, डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, आणि जुन्या सालात शिसं असेल तर तेही राखेत आणि हवेत जातं. ही राख पोरांच्या हाताला लागते, तिथून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाने होणारं नुकसान भरून निघत नाही. एवढं करून जळकं, काळं पडलेलं तांबं सोललेल्या लखलखीत तांब्यापेक्षा कमी भावातच जातं. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये देशभर बंदी घातली, दंडही ठरवला, हे वेगळंच.

धोका डबा उघडतानाही आहे. आत दोन उभे मोठे कपॅसिटर असतात, त्यांवर बहुधा २०० व्होल्ट लिहिलेलं असतं. चालू असताना दोघांवर मिळून ३२० व्होल्टच्या आसपास वीज साठते. प्लग काढल्यावर ती हळूहळू उतरायला हवी, पण डबा बिघडलेला असेल तर ती तशीच थांबू शकते, आणि भंगारातला डबा बिघडलेलाच असतो. प्लग काढून डबे दोन-तीन दिवस बाजूला ठेवा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून वीज उतरवायची सवय काही कारागिरांना असते. ती शिकू नका, पोरांना शिकवू नका. ज्याच्याकडे मीटर नाही आणि ज्याला मीटर वाचता येत नाही, त्याने बाहेरच्या वायरी कापून डबा बंदच विकावा.

पाटी गॅसवर तापवून सुटे भाग पाडणं हे तर घरात अजिबात नको. जुन्या डाखात कथिल ६३ टक्के आणि शिसं ३७ टक्के असायचं. वायर सोलणाऱ्यानेही हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये, कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

तोडण्याआधी एक गोष्ट तपासा: डबा चालू आहे का? चालू एसएमपीएस रिपेअरिंगवाल्याकडे भंगारापेक्षा कितीतरी जास्त किमतीला जातो. जाणकाराकडून जुडग्यातली हिरवी वायर काळीला जोडून बघा. पंखा फिरला तर मीटरवर पिवळी वायर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल वायर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दाखवायला हवी. तेवढं जमलं तर कात्री खाली ठेवा.

आता कागदाचा प्रश्न. आपल्या पोरांची खरी अडचण इथेच होते. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. वर्षात १००० किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था आपला ई-कचरा फक्त नोंदणी असलेल्या उत्पादक, दुरुस्ती करणाऱ्या किंवा रिसायकलर यांनाच देऊ शकते. म्हणजे महाप्यातल्या मोठ्या कंपनीचा माल कोणी ‘रोखीत उचल, बिल नको’ म्हणून देत असेल, तर चौकशी झाली की उत्तर द्यायला गाडीवाला एकटाच उरतो. नोंदणी असलेल्या रिसायकलरांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर आहे. त्यांच्यासाठी माल गोळा करायचा, बिल घ्यायचं, पाट्या न तोडता त्यांनाच द्यायच्या, हा रस्ता नफ्यात थोडा कमी असेल, पण रात्री झोप लागते.

याच नियमांत राज्य सरकारवरही जबाबदारी टाकली आहे. ई-कचरा सुटा करण्यासाठी औद्योगिक वसाहतीत जागा किंवा शेड राखून ठेवणं, या कामातल्या मजुरांची नोंद करणं, त्यांचे गट बांधायला मदत करणं, त्यांना प्रशिक्षण देणं. महापे हीच औद्योगिक वसाहत आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा आणि टीटीसीच्या घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्रही इथेच आहे. आपल्या दुकानदारांनी दहा-पंधरा जणांचा गट करून या कलमाच्या आधारे एमआयडीसीकडे आणि मंडळाकडे लेखी अर्ज द्यावा, आणि त्याची पोच घेऊन ठेवावी.