मुक्काम एक, फेऱ्या अनेक : बेंगळुरूहून दिवसभराच्या सहलींचे नियोजन

अभ्यास सहल आखताना पहिला प्रश्न येतो तो मार्गाचा. रोज नव्या गावी मुक्काम करत पुढे जायचे, की एकाच शहरात मुक्काम ठेवून रोज सकाळी निघून रात्री परत यायचे? पहिल्या पद्धतीला आपण ‘वलय’ म्हणू आणि दुसरीला ‘तारा’. या पाठात बेंगळुरूचे उदाहरण घेऊन ताऱ्याचे गणित पाहू. सूत्रे सोपी आहेत. पण ती न मांडता निघाले की पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात, हे मी अनुभवाने सांगतो.

१. अंतराच्या हिशोबात तारा हरतो

मुक्कामापासून ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन ठिकाणे घ्या. ताऱ्यात एकूण अंतर २ × (मुक्काम–अ + मुक्काम–ब) इतके होते. वलयात ते मुक्काम–अ + अ–ब + ब–मुक्काम इतके होते. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा कमी नसते. म्हणून वलय ताऱ्यापेक्षा कधीच लांब नसते. मग तारा कशासाठी निवडायचा?

याचे उत्तर मला दोन सहलींनी दिले. पहिली सहल वलयाची होती. पहिल्याच दिवशी बस बिघडली आणि आम्ही रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर होतो. दुसऱ्या गावच्या लॉजची आगाऊ रक्कम गेली, तिसऱ्या दिवशीच्या कारखाना भेटीची वेळ हुकली आणि चौथ्या दिवशी विद्यार्थी केवळ झोपले. एक चूक चार दिवस पुढे सरकत राहिली.

दुसऱ्या वेळी बेंगळुरूत मुक्काम ठेवला. लेपाक्षीला जाताना आंध्र प्रदेशच्या हद्दीवर बस अडवली, कारण भाड्याच्या गाडीचा त्या राज्याचा परवाना काढलेलाच नव्हता. दोन तास गेले आणि मंदिर घाईघाईत पाहिले. पण रात्री आपल्याच खोलीवर परतलो आणि दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम जसाच्या तसा पार पडला.

विजेच्या मंडलांच्या भाषेत सांगायचे तर वलय म्हणजे एकसर जोडणी : एक दिवा गेला की सगळे जातात. तारा म्हणजे समांतर जोडणी. ताऱ्यात आपण जास्तीचे किलोमीटर देतो आणि त्या बदल्यात दिवस एकमेकांपासून सुटे करून घेतो. सामान बांधण्या-सोडण्याचा वेळ वाचतो, तो वेगळाच.

२. त्रिज्या किलोमीटरमध्ये नव्हे, तासांत मोजा

सकाळी ६ ते रात्री ८ असा १४ तासांचा दिवस धरा. ठिकाण पाहायला ३ तास, नाश्ता-जेवण आणि थांबे मिळून २ तास, बेंगळुरूच्या वाहतूक कोंडीसाठी जाता-येता मिळून अडीच तास राखा. उरले साडेसहा तास, म्हणजे एका बाजूला सव्वातीन. भाड्याच्या बसचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर धरला तर त्रिज्या साधारण १६० किलोमीटर येते.

या वर्तुळात काय काय बसते? उत्तरेला नंदी टेकड्या आणि मुद्देनहळ्ळी, प्रत्येकी सुमारे ६० किलोमीटर. पूर्वेला सुमारे १०० किलोमीटरवर कोलार गोल्ड फील्ड्स, उत्तरेला सुमारे १२० वर लेपाक्षी, नैर्ऋत्येला सुमारे १२५ वर श्रीरंगपट्टण आणि पश्चिमेला सुमारे १४५ वर श्रवणबेळगोळ.

आता बाहेर काय राहते तेही पाहा. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतल्यावर ते शहापूर्व काळातले केंपेगौडांचे शहर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांची समाधी होदिगेरे येथे आहे, हे ठिकाण चन्नगिरीजवळ, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मराठी विद्यार्थ्यांना तिथे जावेसे वाटणारच. पण जाण्या-येण्यातच दहा तास जातील. तिथे जायचे तर वाटेत रात्रीचा मुक्काम करा. हंपीलाही हाच नियम लागू. ओढ वाटते म्हणून त्रिज्या वाढत नाही.

३. दोन ठिकाणे एका दिवसात कधी जोडावीत?

यासाठी क्लार्क आणि राइट यांनी १९६४ मध्ये मांडलेली ‘बचत पद्धत’ उपयोगी पडते. मालवाहू गाड्यांच्या फेऱ्या ठरवण्यासाठी ती आजही शिकवली जाते. सूत्र असे :

बचत = (मुक्काम–अ) + (मुक्काम–ब) − (अ–ब)

उदाहरण १ : लेपाक्षी आणि श्रीरंगपट्टण. एक उत्तरेला, दुसरे नैर्ऋत्येला. एकाहून दुसऱ्याकडे जाताना बेंगळुरू ओलांडावेच लागते, म्हणून अ–ब अंतर सुमारे १२० + १२५ इतकेच. बचत जवळजवळ शून्य. जोडू नका.

उदाहरण २ : लेपाक्षी आणि मुद्देनहळ्ळी. दोन्ही हैदराबादच्या दिशेला, परस्परांत सुमारे ६५ किलोमीटर. बचत = १२० + ६० − ६५ = ११५. जास्तीत जास्त शक्य बचत १२० होती. म्हणजे मुद्देनहळ्ळी जवळपास वाटेवरच आहे. ते सर विश्वेश्वरय्या यांचे जन्मगाव. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये बसले. सकाळी लेपाक्षी आणि परतताना मुद्देनहळ्ळी, असा क्रम ठेवा.

उदाहरण ३ : श्रवणबेळगोळ आणि श्रीरंगपट्टण. परस्परांत सुमारे ७० किलोमीटर. बचत = १४५ + १२५ − ७० = २००. आकडा मोठा आहे, पण घाई करू नका. एकूण ३४० किलोमीटरला सुमारे ६ तास ५० मिनिटे, कोंडी अडीच तास आणि थांबे २ तास. बेरीज सव्वाअकरा तासांहून थोडी जास्त होते. १४ तासांतून दोन ठिकाणांसाठी पावणेतीन तासही नीट उरत नाहीत. विंध्यगिरीच्या पायऱ्या अनवाणी चढून ५७ फुटी गोमटेश्वर आणि त्याच्या पायाशी असलेला, मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जाणारा शिलालेख पाहायलाच दोन तास हवेत. परतायला रात्री ९ वाजतील हे मान्य असेल तरच जोडा. बचत फक्त अंतर सांगते. दिवसात बसते की नाही, हे वेगळे तपासावे लागते.

कोलार गोल्ड फील्ड्सला स्वतंत्र दिवस द्या. या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, पण विद्युत अभियंत्यांसाठी ती तीर्थक्षेत्रासारखी जागा आहे. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातून सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या वाहिनीने इथे वीज आली. बेंगळुरू शहराला ती १९०५ मध्ये मिळाली.

४. मुक्काम शहरात कुठे?

‘बेंगळुरूत’ एवढे उत्तर पुरेसे नाही. रोजचे रस्ते वेगवेगळ्या दिशांना जात असतील तर मॅजेस्टिक परिसर सोयीचा : रेल्वे स्थानक, केंपेगौडा बसस्थानक आणि मेट्रो तिथे जवळजवळ आहेत. म्हैसूरच्या दिशेला रेल्वे घ्या. कोंडीचा अडीच तासांचा राखीव भाग त्यामुळे बराच कमी होतो. सगळ्या सहली उत्तरेला असतील तर मुक्कामही शहराच्या उत्तर भागात ठेवा.

५. हद्द ओलांडताना

लेपाक्षी आंध्रात आहे, तर चाळीसेक किलोमीटरवरचे होसूर तमिळनाडूत. भाड्याच्या गाडीचा त्या राज्याचा परवाना आणि कर भरल्याची पावती आदल्या दिवशी स्वतः डोळ्यांनी पाहा. ‘होऊन जाईल, सर’ या उत्तरावर निघू नका.

उद्या परदेशात अशी सहल आखाल तेव्हाही प्रश्न हाच असतो. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर आहे आणि दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने एकच व्हिसा चालतो. लंडनहून पॅरिसला सकाळी जाऊन रात्री परतता येते, पण भारतीय पारपत्रावर ब्रिटनचा आणि शेंगेनचा असे दोन व्हिसा लागतात. मुक्कामाच्या देशाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर दिवसभरासाठी बाहेर पडलेल्याला रात्री आपल्या खोलीवर परतता येत नाही. ताऱ्याचा सगळा फायदा परत येण्यावर उभा आहे, म्हणून जाण्याआधी परतीची कागदपत्रे तपासा.

स्वाध्याय

१. तुमच्या गावाजवळचे एक मोठे शहर मुक्काम धरा. १४ तासांच्या दिवसासाठी त्रिज्या काढा.
२. त्या त्रिज्येतील चार ठिकाणे निवडून प्रत्येक जोडीची बचत काढा. कोणती जोडी दिवसात बसते?
३. पहिल्या दिवशी गाडी सहा तास बंद पडली असे समजा. वलय आणि तारा या दोन्ही आराखड्यांत पुढच्या किती भेटी हुकतील, ते लिहा.