शाखा निघाली, कट मागेच राहिला

‘आमची कोठेही शाखा नाही’ या पुणेरी पाटीवर आजवर भरपूर विनोद झाले. तिच्यातला तोरा सगळ्यांना दिसतो, धंद्याचं गणित सहसा कुणी बघत नाही. ते मला कळलं एका जुन्या मिसळवाल्यांच्या नव्या शाखेत. नाव सांगत नाही. मूळ दुकानावर अजून जीव आहे. मसाला तोच, आचारी तिथूनच आणलेला, गल्ल्यामागे संस्थापकांची हार घातलेली तसबीर. ताटात मात्र पिठूळ रस्सा, नरमलेली शेव आणि नुसतीच लाल दिसणारी तर्री.

असं का व्हावं? कांदा, सुकं खोबरं, गरम मसाला यांचं वाटण तेल सुटेपर्यंत परतणं हा कटाचा प्राण. मिरचीचा लाल रंग पाण्यापेक्षा तेलात उतरतो. त्यामुळे परतणं नीट जमलं की तर्री आपसूक वर येते, वेगळी करावी लागत नाही. जुन्या ठिकाणी भल्या सकाळी पातेलं चढतं आणि दुपारी त्याचा तळ दिसतो. मटकी, फरसाण, कांदा सगळं त्याच हिशेबाने. संपलं की संपलं, शिळं व्हायला काही उरतच नाही.

शाखेला हे परवडत नाही. नव्या वस्तीतलं भाडं जबर, म्हणून दुकान सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं. दुपारी टेबलं रिकामी असतात आणि रस्सा मंद आचेवर आटत राहतो. आटला की गरम पाणी, पाण्याने फिका पडला की वरून मिरचीचं तेल. वाटणही रोज तिथे होत नाही, एका ठिकाणी करून फ्रीजमधून येतं. वर खर्च भरून काढायला चीज मिसळ, पनीर मिसळ, थालीपीठ, पावभाजी. एका कढईवर किती जणांचा संसार चालणार?

जुन्या दुकानांना त्यांच्या जागेनेही सांभाळलेलं असतं. ठाण्याची मामलेदार मिसळ 1946 पासूनची, तहसील कचेरीच्या आधाराने वाढलेली, नावच मामलेदाराचं. कचेरीत खेटे घालणारं गिऱ्हाईक आयतं दाराशी. नारायण पेठेतल्या बेडेकरांकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, पाव नाही. मुंबईकर नाक मुरडतात, तरी ब्रेड बदलत नाही. (मला विचाराल तर रस्सा टिपायला तोच बरा.) शाखेत असा हेका चालत नाही. तिथे पाव, ब्रेड दोन्ही, आणि तिखट ‘मीडियम’ करून मिळतं.

शाखा काढणं पापच, असं मात्र नाही. 1950 मध्ये बाजीराव रस्त्यावर दुकान थाटलेल्या चितळ्यांची बाकरवडी आज यंत्रावर होते आणि गावोगावी तीच चव देते. पण बाकरवडी कोरडी, टिकाऊ. तिचं सारण, जाडी, तळणं मोजमापात बसवता येतं. मिसळ ओली. वाढल्यावर पाच मिनिटांत फरसाण मऊ पडतं, तिला डब्यात घालून कुठवर पाठवणार?

तरीही नव्या शाखेत जायचंच असेल तर रविवारी सकाळी, ऐन गर्दीत जावं. पातेली भराभर उपसली जात असतात, त्यामुळे त्याच आचाऱ्याची मिसळ बरीच ताळ्यावर असते. फरसाण वेगळ्या वाटीत मागावं. आणि दुपारी चारनंतर गेलात तर चहा घ्या, तो ताजा असतो.