एक मूल, अनेक खाती

आपल्या घरातील एका मुलाची काळजी सरकारची किती खाती वाहतात, हे आपण कधी मोजून पाहिले आहे काय? जन्मानंतरच्या लसी आरोग्य खाते देते. अंगणवाडीतील आहार आणि वजनाची नोंद महिला व बालविकास खात्याकडे असते. मूल शाळेत गेले की ते शिक्षण खात्याचे होते, अपंगत्व असल्यास सामाजिक न्याय खात्याचेही होते आणि मिसरूड फुटू लागले की युवक कल्याण व कौशल्य विकास ही खाती त्याची दखल घेतात. खाती अनेक असली तरी मूल एकच असते. त्याच्या रक्तातले लोह, त्याचे कान, त्याचा अभ्यास आणि त्याची भीती ही सारी एकाच देहात नांदतात.

साधी वयाची गोष्ट घ्या. शिक्षण हक्काचा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. बालकामगारविषयक कायदा १४ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानतो आणि १४ ते १८ वयाच्या व्यक्तीस किशोरवयीन. लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्वांनाच बालक म्हणतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयोगटासाठी आहे, तर २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९ वयाचे सारे युवक ठरतात. म्हणजे आपली सोळा वर्षांची कन्या एकाच वेळी बालक, किशोरी आणि युवती असते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्कातून मात्र ती दोन वर्षांपूर्वीच बाहेर पडलेली असते.

हा गुंता शासनाच्या ध्यानी आलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशाचे पहिले राष्ट्रीय बालधोरण १९७४ साली आले. एप्रिल २०१३ मध्ये स्वीकारलेल्या नव्या धोरणात समन्वयाची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. महिला व बालविकास मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समन्वय व कृती गट असावा, संबंधित मंत्रालये त्याची सदस्य असावीत आणि असेच गट राज्यात व जिल्ह्यातही असावेत, असे हे धोरण सांगते. दर पाच वर्षांनी धोरणाचा आढावा घ्यावा, असेही त्यात म्हटले आहे. कागदावर याहून अधिक काय हवे? परंतु समन्वयाची खरी कसोटी दिल्लीतील बैठकीत लागत नाही. एका खात्याने पाहिलेली गोष्ट दुसऱ्या खात्यापर्यंत पोहोचली की नाही, येथेच ती लागते.

जेथे हे साधले, तेथे फळही दिसते. गरोदर मातेच्या हाती येणारे माता व बाल संरक्षण कार्ड हे आरोग्य आणि महिला व बालविकास या दोन मंत्रालयांचे संयुक्त कार्ड आहे. परिचारिका त्यावर लस लिहिते, अंगणवाडी सेविका वजनाचा आलेख भरते. दोन खात्यांची नोंद एकाच कागदावर येते, म्हणून कोणताही डॉक्टर पाच मिनिटांत बाळाची वाटचाल वाचू शकतो.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी निगडित आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत जन्मजात दोष, आजार, पोषणद्रव्यांची कमतरता आणि विकासातील विलंब हे चार प्रकार शोधून काढणे, हे त्याचे काम. फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांत एकदा येते. दोष आढळल्यास पुढील उपचार, आवश्यक तेथे शस्त्रक्रियाही, विनामूल्य होतात.

मात्र या व्यवस्थेची वेस कोठे संपते, ते कात्रपच्या पालकांनी नीट लक्षात घ्यावे. येथील असंख्य मुले अंगणवाडीऐवजी खासगी बालवाडीत आणि पुढे विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. ते पथक तेथे येणे अपेक्षितच नाही. आईवडील पहाटेची लोकल पकडून मुंबईकडे निघतात, रात्री परततात. मूल आजीकडे किंवा पाळणाघरात असते. शुल्क भरून शिकणाऱ्या मुलाची तपासणी कोणीतरी करतच असेल, असा आपला समज होतो.

दवाखान्यात पाहिलेले एक उदाहरण सांगतो. दुसरीतला एक मुलगा ‘लक्ष देत नाही, हट्टी आहे’ या तक्रारीसह आला. गावी असताना अंगणवाडीतील तपासणीत त्याच्या कानांविषयी शंका नोंदली गेली होती व पुढे पाठवण्याची चिठ्ठीही मिळाली होती. त्यानंतर कुटुंब येथे भाड्याच्या घरात आले, शाळा बदलली आणि चिठ्ठी ट्रंकेत राहिली. त्याच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे द्रव साचला होता. मुलाला हट्ट नव्हता, त्याला ऐकूच कमी येत होते. प्रत्येक खात्याने आपापले काम केले होते, तरीही मुलाची दोन वर्षे गेली.

आरोग्याप्रमाणेच सुरक्षिततेचेही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या बदलापुरातील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, २० तारखेला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तक्रार नोंदवण्यातील विलंबाचा प्रश्न न्यायालयापुढे आला. म्हणून प्रत्येक घराला कायद्याच्या तीन गोष्टी ठाऊक असाव्यात. पहिली, अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणावरही, शाळा व डॉक्टर यांच्यासह, ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. दुसरी, तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालय आधी पोलिसांचा कागद मागू शकत नाही. तिसरी, मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावयाची असते. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलांनाही पाठ असू द्यावा.

समन्वय पूर्णत्वास जाईल तेव्हा जाईल. तोवर त्या संयुक्त कार्डाचे काम आपण घरी चालू ठेवू शकतो. प्रत्येक मुलासाठी एक स्वतंत्र फाइल करावी. जन्माची कागदपत्रे, लसीकरण कार्ड, रक्तगट, प्रत्येक तपासणीचा अहवाल आणि पुढे पाठवण्याची प्रत्येक चिठ्ठी तीत लावावी. वर्षातून दोनदा उंची व वजन, एकदा डोळे आणि दात तपासून घ्यावेत. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘उशिरा बोलेल’ म्हणून न थांबता श्रवणचाचणी करावी. पाच-सहा वर्षांचा बूस्टर डोस आणि दहाव्या व सोळाव्या वर्षाची टीडी लस हमखास विसरली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. शासकीय व अनुदानित शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आपल्या मुलीच्या शाळेत मिळते का, हे विचारावे. मिळत नसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ती उणीव भरून काढावी.

खासगी शाळेतील मुलासाठी सरकारी रुग्णालयाचे दार बंद नसते. फक्त तेथवर आपणच जावे लागते. आणि एक काम सर्वांनी मिळून करण्याजोगे आहे. पुढच्या पालकसभेत शाळेला विचारा की वार्षिक आरोग्यतपासणी कधी होते, तिचा अहवाल पालकांना लेखी मिळतो का आणि दोष आढळलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे कोण पाहते. यातील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.