कमी आलं म्हणजे बरंच ना?

सोलापूरच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं. गरोदर सुनेच्या क्वाड्रुपल मार्कर या रक्ततपासणीत एएफपी ०.६ आलंय. ‘साखर कमी आली की आम्ही पेढे वाटतो. मग हे कमी आलं तर डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या का?’

बाई, हा प्रश्न कित्येक वर्षं भल्याभल्या डॉक्टरांनाही पडला नव्हता. एएफपी हे प्रथिन बाळाच्या यकृतात तयार होतं. मणका नीट मिटला नाही तर ते गर्भजलात जास्त झिरपतं, हे १९७२मध्ये एडिनबरोत डेव्हिड ब्रॉक यांनी दाखवलं. पुढे ते आईच्या रक्तातही मोजू लागले. सगळ्यांचा डोळा वाढलेल्या आकड्यावर. कमी आलं? मग फाइल बंद.

न्यूयॉर्कमधल्या एका बाईचं बाळ १८व्या गुणसूत्राची जास्तीची प्रत घेऊन जन्माला आलं. तिनं आयर्विन मर्कात्झ यांना विचारलं, माझं एएफपी फार कमी आलं होतं, त्याचा याच्याशी काही संबंध? दुसऱ्या कुणी ‘छे हो’ म्हणून वाटेला लावलं असतं. मर्कात्झ यांनी जुन्या नोंदी काढल्या. अशा गरोदरपणात, डाऊन सिंड्रोमच्या बाळांच्या वेळीसुद्धा, एएफपी बहुतेक कमीच होतं. १९८४मध्ये निबंध छापून आला. चार वर्षांनी लंडनच्या निकोलस वॉल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याला एचसीजी आणि इस्ट्रिऑलची जोड दिली. तीच ट्रिपल मार्कर. चौथं इनहिबिन नंतर आलं.

आता तुमचं ०.६. तेवढ्याच आठवड्यांच्या गरोदर बायकांचा मधला आकडा १ धरला, तर त्याच्या मानानं हे इतकं. डाऊनच्या बाळांत सरासरी ०.७च्या आसपास असते, पण ठणठणीत बाळांच्या आयाही तिथं भरपूर सापडतात. एकट्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

आणि आठवडेच चुकले तर? या काळात एएफपी दर आठवड्याला साधारण १५ टक्क्यांनी चढतं, एचसीजी उतरतं. आमच्याकडे एक मुलगी आली होती. शेवटची पाळी कधी? ‘गौरी जेवल्या त्या दिवशी. नैवेद्याला हातसुद्धा लावता आला नाही.’ इतकी ठाम आठवण, फॉर्मवर तीच तारीख गेली. वीस आठवडे. रिपोर्ट आला : एएफपी कमी, इस्ट्रिऑल कमी, एचसीजी जास्त, डाऊनची अगदी पुस्तकी ठेवण. घरात रडारड. सोनोग्राफीत बाळ निघालं सोळा आठवड्यांचं. मग तिलाच आठवलं, ‘अगंबाई, नंतर सातव्या माळेला आली होती की थोडी!’ सुई पुन्हा टोचावी लागली नाही. तेच आकडे सोळा आठवड्यांवर बसवले आणि धोका खाली आला.

तेव्हा बाई, सुनेच्या रिपोर्टात ०.६ सोडून दोन जागा बघा. वर आठवडे पाळीवरून धरलेत की सोनोग्राफीवरून, आणि वजन बरोबर लिहिलंय का. जाड आईच्या रक्तात हे घटक पातळ होतात. खाली ‘इतक्यांत एक’ असा धोक्याचा आकडा असेल. तो मला कळवा.